नरकद्वार ते आनंदपूर

१९११ सालच्या मे महिन्यातली २७ तारीख उजाडायला अजून काही तासांचा अवकाश होता. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर वसवलेल्या ‘ड्रीमलँड’ नामक करमणूक-नगरीचा त्या वर्षीचा हंगाम त्याच दिवशी सुरू व्हायचा होता; त्यासाठी कारभाऱ्यांनी आधीची पांढरीशुभ्र नगरी फिकट पिवळ्या आणि भडक लाल रंगात नव्याने रंगवून घेतली होती; आणि ‘हेल गेट’, म्हणजे शब्दशः नरकद्वार, या नावाच्या होडीच्या खेळाला गळती लागल्यामुळे काही कारागीर भर रात्री कढत डांबराने त्याच्या भेगा बुजवीत होते. एकाएकी दिवे गेले, अंधारात कोणाचा तरी पाय डांबराच्या बादलीला लागला, आणि लाकडी पट्ट्यांवर प्लॅस्टर चढवून उभारलेली ती सारी सृष्टी सकाळपर्यंत भस्मसात झाली. अपुऱ्या दिवसांची अर्भके उबदार पेट्यांत ठेवून त्यांचेही प्रदर्शन तेथे तिकीट लावून मांडलेले असे. ती अर्भके मात्र सुखरूप बाहेर काढता आली. ड्रीमलँड पुन्हा उभे राहिले नाही.

या अग्निप्रलयाचे वर्णन कोनी आयलंडविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी मोठ्या हौसेने केले आहे, आणि ज्वाळांचे वर्णन करण्यात लेखणीला एक स्वाभाविक आनंद असतो हे मला मान्य आहे. परंतु माझे मन घुटमळते ते आगीपाशी नव्हे, तर तिच्या अगोदरच्या त्या सामान्य, रात्रपाळीच्या दुरुस्तीपाशी. नवा रंग, नादुरुस्त यंत्र आणि सकाळी दाराशी येणारी गर्दी, या तीन गोष्टी त्या रात्री एका जागी आल्या होत्या. आणि ज्याला आज आपण थीम पार्क म्हणतो त्या धंद्याची गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांची सारी हकीकत या तिहींच्या परस्परसंबंधात सामावलेली आहे. पाळण्यात बसण्याचे सुख तीन मिनिटांचे. त्यासाठी उभे राहायचे ते कधी तास, कधी दीड तास. इतिहासकारांनी त्या तीन मिनिटांचा इतिहास लिहिला आणि तासाकडे दुर्लक्ष केले.

या व्यवसायाचा मूळ पुरुष म्हणून ज्याचा दाखला सामान्यतः देतात तो लामार्कस थॉम्पसन हा मोजे विणण्याच्या धंद्यातला माणूस होता. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे डोंगरावरचा कोळसा उतारावरून खाली आणण्यासाठी १८२७ साली घातलेल्या रुळांवर पुढे लोक निव्वळ गंमत म्हणून बसून येऊ लागले होते; त्या कल्पनेचे नागरी रूप त्याने १८८४ च्या जून महिन्यात कोनी आयलंडवर सादर केले. भाडे पाच सेंट, वेग ताशी सुमारे सहा मैल. सहाशे फुटांवर गाडी थांबली की उतारूंनी खाली उतरायचे, नोकरांनी गाडी ढकलून दुसऱ्या मनोऱ्यावर चढवायची, उतारूंनीही जिने चढून पुन्हा तीत बसायचे आणि परत यायचे. असा सगळा सरंजाम. थोडक्यात, प्रवासाच्या मधोमधही एक प्रतीक्षा होती आणि तिची कोणाला लाज वाटत नव्हती. तथापि वर्ष-दीड वर्षाच्या आतच प्रतिस्पर्ध्यांनी वर्तुळाकार रूळ आणि साखळीने गाडी वर ओढण्याची युक्ती काढली, आणि थॉम्पसनच्या संथ गाडीचे अप्रूप ओसरले. तेव्हा त्याने वेगाच्या शर्यतीत उतरण्याऐवजी निराळाच मार्ग धरला. १८८७ साली अटलांटिक सिटी येथे त्याने जी ‘सीनिक रेल्वे’ बांधली तिचे रूळ अंधाऱ्या बोगद्यांतून जात, आणि त्या बोगद्यांत रंगवलेले देखावे दिव्यांच्या प्रकाशात एकाएकी उजळत. राइडला कथानकाचा आणि देखाव्याचा साज चढवण्याच्या कलेचा उगम मला येथे दिसतो, आणि तो उगम सौंदर्यदृष्टीत नसून व्यापारी अडचणीत आहे, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

देखाव्याची ही कला अल्पावधीत कोठवर गेली याचे प्रमाण १९०१ च्या बफेलो येथील प्रदर्शनात मिळाले. फ्रेडरिक थॉम्पसन (हा मोजेवाल्या थॉम्पसनचा कोणी नव्हे) आणि एल्मर डंडी या जोडीने तेथे चंद्राची सफर विकायला काढली. ‘लुना’ नावाच्या विमानवजा नौकेत बसलेल्या लोकांना पृथ्वी मागे पडल्याचा भास होई, चंद्रावर उतरल्यावर ठेंगणे चंद्रवासी त्यांच्या स्वागताला येत, आणि हिरव्या चीजचे तुकडे प्रसादासारखे हातावर ठेवीत. पुढे याच नौकेच्या नावाचे ‘लुना पार्क’ १९०३ साली कोनी आयलंडवर उघडले. शेजारच्या ‘स्टीपलचेस’ उद्यानाचा मालक जॉर्ज टिल्यू याची गोष्ट तर अधिकच मासलेवाईक आहे. १९०७ साली त्याचे उद्यान जळाले तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याने दारावर पाटी लावली, तीत नव्या आणि अधिक भव्य उद्यानाचे आश्वासन दिले, आणि धुमसते अवशेष पाहण्याचे तिकीट दहा सेंट जाहीर केले. बिघाडाचेसुद्धा तिकीट लावता येते, ही गोष्ट या धंद्याला इतक्या लवकर उमगली होती.

त्या काळातील रांगांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण रांग ही तेव्हा मालकाच्या लेखी अडचण नव्हती, जाहिरात होती. प्रत्येक खेळाचे तिकीट वेगळे. ज्या दाराशी माणसे अधिक त्या दाराशी आणखी माणसे येणार. रांगेचा गणिती विचार करण्याची पहिली गरज पडली ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीला, आणि १९०९ साली त्या कंपनीतील अॅग्नर एर्लांग या गणितज्ञाने टेलिफोनच्या मागण्या कोणत्या नियमाने येतात यावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यातून प्रतीक्षेचे शास्त्र जन्माला आले. योगायोग असा की, ज्या टिवोली बागेची स्वच्छता आणि टापटीप पाहून वॉल्ट डिस्ने यांचे मन प्रसन्न झाले, ती १८४३ पासूनची बागही याच शहरात आहे.

डिस्ने यांचे डिस्नेलँड १९५५ च्या जुलै महिन्याच्या १७ तारखेला कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे उघडले तो दिवस पुढे कंपनीच्या दप्तरात ‘काळा रविवार’ म्हणून नोंदला गेला. बनावट निमंत्रणपत्रे फिरत होती आणि सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. उन्हाने ताजे डांबर मऊ झाले, स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचकूप यांपैकी एकाचीच तजवीज करणे शक्य होते, तेव्हा मालकाने शौचकूपांच्या बाजूने कौल दिला (आणि तहानलेल्या पाहुण्यांनी यामागे सरबत विकण्याचा डाव पाहिला). गॅसगळतीमुळे एक भाग काही वेळ बंद ठेवावा लागला. आणि लहान मुलांना चालवायला दिलेल्या मोटारी मुलांनी एकमेकींवर इतक्या उत्साहाने आदळल्या की त्या भराभर निकामी होऊ लागल्या. असे असूनही दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसे येऊन गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तके निघाली: ए, बी, सी अशा प्रतवारीची, पुढच्या वर्षी डी आणि १९५९ साली ई. ई तिकीट म्हणजे सर्वोत्तम खेळ. हा शब्द तिकडच्या बोलीत इतका मुरला की १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांना आपल्या उड्डाणाला ई तिकिटाचीच उपमा सुचली. गंमत अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ साली, ती तिकिटे रद्द होऊन एकदाच प्रवेशमूल्य भरण्याचा शिरस्ता सुरू झाला होता.

हा फेरफार वरवर पाहता केवळ हिशेबाचा. परंतु माझ्या मते या सबंध इतिहासातला तोच मोठा सांधा आहे. प्रत्येक खेळाचे मोल वेगळे होते तोवर प्रेक्षक आपली निवड पैशाने करीत असे. सगळे खेळ एका भावात आल्यावर निवडीचे एकच चलन शिल्लक राहिले, ते म्हणजे वेळ.

वेळेचा हा प्रश्न कारागिरांनी त्याआधीच एका अंगाने हाताळायला घेतला होता. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक जत्रेसाठी डिस्ने यांच्या मंडळींनी चार मंडप सजवले. त्यांपैकी इलिनॉय राज्याच्या मंडपात यंत्रपुतळ्याच्या रूपाने अब्राहम लिंकन उठून उभे राहत आणि भाषण करीत. निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षांचे यंत्र आरंभीच्या दिवसांत असे काही बिथरले की उद्घाटन लांबवून जमलेल्या मंडळींची क्षमा मागावी लागली. दुसऱ्या मंडपात मात्र पाण्याच्या प्रवाहावर एकामागून एक सुटणाऱ्या होड्यांनी माणसांचा लोंढा इतक्या सहजतेने गिळून टाकला की मंडळींनी एक धडा घेतला: माणूस चालत असला की रेंगाळतो, वाहत असला की रेंगाळू शकत नाही. समुद्री चाच्यांचा जो देखावा मेणाच्या पुतळ्यांचे पायी फिरून पाहण्याचे दालन म्हणून योजला होता, तो या धड्यामुळे होडीचा प्रवास झाला आणि १९६७ च्या मार्चमध्ये, डिस्ने यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, लोकांसाठी खुला झाला.

‘हाँटेड मॅन्शन’ नावाच्या भूतवाड्याची कथा याहून चमत्कारिक. वाड्याची बाहेरची वास्तू १९६३ सालीच बांधून तयार होती. आत काय ठेवावे याचा निर्णय होईना, म्हणून सहा वर्षे तो वाडा रिकामा उभा राहिला, आणि दाराशी एक पाटी लावून निवासासाठी इच्छुक भुतांकडून जणू अर्ज मागवले गेले. जी वास्तू अपुरी असल्यामुळे बंद होती ती भुताने झपाटल्यामुळे बंद आहे असे लोकांस वाटू देणे, यातली चतुराई मला फार आवडते. अखेर १९६९ च्या ऑगस्टमध्ये वाडा उघडला तेव्हा आत चालत जाण्याऐवजी न थांबता सरकणाऱ्या काळ्या खुर्च्यांची अखंड माळ होती, आणि त्या माळेपाशी पोहोचण्याच्या वाटेवर अष्टकोनी खोली होती, तिच्या भिंती पाहता पाहता उंच होत. वास्तविक ती खोली म्हणजे लिफ्टच. उद्यानाभोवतीच्या आगगाडीच्या रुळांखालून लोकांना पलीकडच्या मोठ्या इमारतीत न्यायचे होते, म्हणून जमीन खाली उतरत असे. वाहतुकीची निकड आणि भयरसाची निर्मिती येथे अशी एकजीव झाली की लोक खोलीत उभे राहून वाट पाहत आहेत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. त्या अखंड माळेचा एक तोटाही होता: एका वृद्ध माणसाला चढायला वेळ लागला की शंभर माणसे अंधारात थांबत. त्यावरचा उपायही कथेतूनच काढला गेला, आणि खुर्च्या थांबल्या की वाड्याचा अदृश्य यजमान गंभीर आवाजात खोडकर पिशाच्चांवर दोष ढकलू लागला. नोकरवर्गाच्या सांकेतिक भाषेत ज्याला ‘१०१’ म्हणत, ती यंत्र बंद पडल्याची वर्दी, प्रेक्षकांच्या कानी भूतबाधा होऊन पोहोचत होती.

प्रत्येक बिघाड मात्र असा पचवता येत नाही. याच वाड्यात टोपीच्या पेटीतले एक भूत होते. त्याचे मस्तक खांद्यावरून नाहीसे होऊन हातातल्या पेटीत प्रकटायचे. मस्तक खांद्यावरून पुरते नाहीसे होईना, म्हणून थोड्याच काळात ते भूत काढून टाकले. ते परत आले २०१५ साली.

यंत्रे थांबतात ती नेहमी मोडतात म्हणून नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जॉन मिलर या शिल्पज्ञाने १९१० च्या सुमारास चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांची योजना केली. चढताना जो खटखट आवाज ऐकून उतारूंच्या पोटात गोळा येतो, तो वस्तुतः त्यांच्या सुरक्षिततेचा आवाज आहे. पुढे रूळमार्गाचे भाग पाडून, एका भागात एका वेळी एकच गाडी, असा आगगाडीचाच नियम या खेळांना लागू झाला. पुढचा भाग मोकळा नसेल तर मागची गाडी थांबलीच पाहिजे. म्हणजे जो थांबा प्रवाशास बिघाड वाटतो, तो पुष्कळदा यंत्राने पाळलेला नियमच असतो. अर्थात १९९० च्या जूनमध्ये फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्घाटनादिवशी माकड, भूकंप आणि ‘जॉज’मधला शार्क या तिन्ही खेळांनी एकदम संप पुकारला, त्याला नियमपालन म्हणण्याइतका मी उदार नाही. शार्क पुढे नव्याने बांधावा लागला आणि १९९३ साली पाण्यावर आला.

जुन्या खेळांच्या साजात वेळोवेळी जे बदल होतात ते मला पोथ्यांतल्या पाठभेदांसारखे वाटतात. चाच्यांच्या होडीप्रवासात आरंभी चाचे स्त्रियांच्या मागे धावत. १९९७ साली तेथे स्त्रियांच्या हाती खाद्यपदार्थांची तबके आली आणि चाचे भुकेले ठरले. या खेळावरून चित्रपट निघाला, आणि २००६ साली त्या चित्रपटाचा नायक उलट मूळ खेळात प्रक्षिप्त झाला. स्त्रियांच्या लिलावाचा देखावा २०१८ साली पालटला. ‘स्प्लॅश माउंटन’ हा १९८९ चा जलप्रपाताचा खेळ १९४६ च्या एका चित्रपटावर आधारलेला होता, आणि त्या चित्रपटातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका होत आली होती. तो खेळ २०२३ साली बंद करून पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर, त्याच उतारावर टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची कथा बसवण्यात आली. जुने जाणते प्रेक्षक अशा प्रसंगी हळहळतात, आणि त्या हळहळीत बालपणाचा वाटा किती व कलेचा किती हे त्यांनाही वेगळे करून सांगता येणार नाही. परंतु लिलावात स्त्रिया विकण्याचा विनोद गेला म्हणून अश्रू ढाळावेत असे मला तरी वाटत नाही.

रांगेला साज चढवण्याची कला कळसाला पोहोचली ती १९९५ च्या मार्चमध्ये, डिस्नेलँडमधील इंडियाना जोन्सच्या मंदिरात. येथली रांग जवळजवळ अर्धा मैल लांबीची, भुयारांतून, भग्न दालनांतून जाणारी. भिंतींवर अपरिचित लिपीतले लेख कोरलेले, आणि त्या लिपीची किल्ली आरंभी छापील पत्रकाच्या रूपाने हाती दिली जाई. एका ठिकाणी बांबूला हात लावू नका अशी सूचना होती. अर्थातच लोक तो ओढीत, आणि मग वरचे काटेरी छत कोसळल्याचा आवाज होई. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिताना, रिकामी गेलेली वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब भासते, असा सिद्धांत मांडला होता. या मंदिराने त्याला दगडी रूप दिले, असे म्हणता येईल. तथापि लेख वाचून झाल्यावरही रांग उरतेच. १९९९ साली डिस्नेच्या उद्यानांत ठराविक मुदतीला येण्याची चिठ्ठी देण्याची ‘फास्टपास’ योजना सुरू झाली. चिठ्ठी फुकट होती, म्हणजे रांगेत माणसाऐवजी कागद उभा राहत होता. २०२१ साली फुकट चिठ्ठी जाऊन तिच्या जागी विकतचा जलद मार्ग आला. ए पासून ई पर्यंतची प्रतवारी जिने बंद केली, त्याच कंपनीने चाळीस वर्षांनी ती मागील दाराने परत आणली, फक्त या वेळी विकायला खेळ नव्हता, इतरांच्या पुढे जाण्याचा हक्क होता. दर्शनबारीतल्या खास पासाशी ज्यांचा परिचय आहे त्या आपल्या वाचकांना यातले तत्त्व नवे वाटू नये.

मुंबईत हा व्यवसाय आला तो १९८९ साली गोराईच्या एस्सेलवर्ल्डच्या रूपाने, आणि तेथे मुंबईकराची पहिली प्रतीक्षा खाडी ओलांडणाऱ्या बोटीसाठी असे. २०१३ साली खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर बेतलेली राइड आली तेव्हा देखाव्याच्या कलेला देशी कथानकही मिळाले. या उद्यानांचा इतिहास अजून कोवळा आहे. त्यावर लिहिण्याची घाई नको.

मराठी माणसाने या दृष्टीने पाहावे असे स्थळ मात्र फ्लोरिडात आहे, आणि त्याचे नाव आहे आनंदपूर. डिस्नेच्या ‘अॅनिमल किंगडम’ उद्यानात १९९९ साली वसवलेले हे कल्पित राज्य. दुकानांतून राजाराणींच्या तसबिरी, भिंतींवर उन्हापावसाने विटल्यासारख्या मुद्दाम रंगवलेल्या जाहिराती. जो रोड या कल्पक रचनाकाराच्या देखरेखीखाली २००६ साली येथे ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ हा डोंगर उभा राहिला. विमानांसाठी लाल दिवा लावण्याची सक्ती २०० फुटांपासून लागू होते, म्हणून याची उंची १९९.५ फूट. चहाच्या मळ्यातली जुनी आगगाडी प्रवाशांना डोंगरापलीकडे नेणार, अशी कथा; आणि रांग जाते ती एका सफर कंपनीच्या कचेरीतून, येतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, देवळावरून, गिर्यारोहकांच्या सामानाच्या दुकानातून आणि शेवटी प्राध्यापक पेमा दोर्जे नामक काल्पनिक विद्वानाने मांडलेल्या येतीच्या वस्तुसंग्रहालयातून. गाडी शिखराजवळ पोहोचते तर पुढचे रूळ उखडून पिळवटलेले. गाडी थांबते. क्षणभर सगळे स्तब्ध. मग ती उलटी, अंधारात कोसळते. नरकद्वाराच्या कारागिरांनी ज्या गोष्टीची रात्रभर धास्ती घेतली असती, ते मोडलेले यंत्र, येथे खेळाचा परमोच्च बिंदू म्हणून बांधले आहे.

ते रूळ उखडणारा येती शेवटच्या गुहेत भेटतो: सुमारे २५ फूट उंचीचा यंत्रपुतळा, प्रवाशांवर झेप घेण्यासाठी घडवलेला. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच त्याची झेप बंद पडली. दुरुस्तीसाठी डोंगर उघडावा लागेल अशी त्याची रचना, म्हणून त्याच्यावर झगमग उघडझाप करणारे दिवे सोडण्यात आले, जेणेकरून तो हलत असल्याचा भास व्हावा. प्रेक्षकांनी त्याचे ‘डिस्को येती’ असे बारसे केले. रोड यांनी तो एक दिवस दुरुस्त करण्याचे वचन २०१३ साली जाहीरपणे दिले, आणि २०२१ च्या आरंभी ते निवृत्त झाले तेव्हाही येती तसाच उभा होता. वस्तुसंग्रहालयात मात्र त्याच्या अस्तित्वाचे पुरावे काचेच्या कपाटांत नीट मांडलेले आहेत, आणि गर्दीच्या दिवशी ते अक्षरन् अक्षर वाचून काढण्याइतका वेळ प्रत्येकाला मिळतो.